रेड अलर्ट जिल्ह्याला, पण वाडीचं काय?

पावसाळ्यात मोबाईलवर संदेश येतो, ‘रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट’. पर्यटक सहल रद्द करतो. पण डोंगराच्या कुशीत राहणाऱ्याने काय रद्द करायचं?

आधी रंग बघू. हवामान खात्याचा पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. मोजणी चोवीस तासांची, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. (महसूल खातं मात्र ६५ झाले की अतिवृष्टी म्हणतं. त्यामुळे ऐकताना गोंधळ होतो.)

आता इर्शाळवाडी आठवा. खालापूर तालुका, ठाकर समाजाची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. त्या भागात १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं सरकारनं विधानसभेत सांगितलं. भागाकार करून बघा, रोजचे सरासरी १६६. म्हणजे सरासरी धरली तर वरच्या वर्गात बसतच नाही. डोंगर मात्र सरासरी काढत नाही, तो बेरीज करतो. कालचं पाणी मातीत असतानाच आजचं मुरतं. माती जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते. आणि दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. तेव्हा ‘आपलं नाव यादीत नाही’ हा काही आधार नव्हे.

जिल्हाधिकारी धबधब्यांवर, गडांवर जाण्यास मनाई करतात ते योग्यच आहे. पण तो आदेश बाहेरून येणाऱ्याला अडवतो. आत राहणाऱ्याने कधी निघायचं, हे त्यात नसतं. मला ही मोठी उणीव वाटते.

म्हणून वाडीतच मोजा. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा घ्या. तो झाडापासून, पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा. सकाळी साडेआठला पट्टी बुडवा, जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. डब्याचं तोंड लहान-मोठं असलं तरी चालतं. आकडा वहीत लिहा, डबा रिकामा करा आणि रोज मागच्या तीन दिवसांची बेरीज करा. कितीला निघायचं याचा एकच आकडा सगळ्या डोंगरांना लागू होत नाही, पण बेरीज चढत असताना पुढची लक्षणं दिसली तर थांबू नका: जमिनीला नवी भेग, खांब किंवा झाड कलणं, दार चौकटीत अडकायला लागणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं. भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर वर कुठेतरी तो अडला असण्याची शक्यता असते. ओढ्याकाठी बघायला जाऊ नका.

मघाशी एका ताईंनी विचारलं, “आम्ही शाळेत जाऊन झोपू हो, पण गुरांचं काय?” खरा प्रश्न हाच आहे. जुलै म्हणजे लावणीचे दिवस, बैल गोठ्यात, आणि माणूस त्यांच्यासाठी मागे राहतो. निवाऱ्याची जागा ठरवताना तिथे गुरांसाठी पत्र्याची शेडही मागा, आणि ती मेमधल्या ग्रामसभेतच मागा. जूनमध्ये पत्रे वर चढवायला माणूस मिळत नाही.