तयार प्रोजेक्ट नको, संच स्वतः लावा

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट करावा लागतो, हे आता आपल्या वस्तीतील बहुतेक आई-वडिलांना ठाऊक झाले आहे, कारण त्याचे पैसे त्यांच्याच खिशातून जातात. बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतो, सोबत छापील रिपोर्टही. गेल्या वर्षी माझ्या पुतणीच्या गटाने तसाच एक बिनतारी प्रोजेक्ट आणला. तोंडी परीक्षेत सरांनी अँटेनाच्या तारेवर बोट ठेवून एवढेच विचारले, "ही तार एवढ्याच लांबीची का?" चौघींपैकी एकीलाही सांगता आले नाही. पोरगी घरी येऊन रडली. तिच्या बापाने रात्रपाळ्या करून ते पैसे उभे केले होते.

यंदा तिच्या धाकट्या भावाची पाळी आली. तो म्हणाला, "काका, सुटा संच आणू आणि आपणच लावू." मी बी.कॉम., आयुष्य खतावणीत गेलेले. तरीही विहाराच्या अभ्यासिकेत रविवारी बसायचे ठरले. दोन बोर्डांना तयार प्रोजेक्टच्या निम्म्याहून कमी पैसे लागले.

बोर्डावर 'लोरा' पद्धतीचे रेडिओ मॉड्यूल होते, जेमतेम टपाल तिकिटाएवढे. त्यातून आवाज किंवा चित्र जात नाही, लहानसा निरोप जातो. मात्र मोकळ्या जागी तो थोड्या विजेवर काही किलोमीटर जातो. वरची पाण्याची टाकी भरली, हे खाली पंपाजवळ कळावे, अशा कामाला हे उत्तम. आमच्या इमारतीची टाकी रोज वाहते, म्हणून तोच विषय घेतला.

पहिली गोष्ट अँटेना. ती लावल्याशिवाय निरोप पाठवू नये. बाहेर जायला वाट न मिळालेली शक्ती उलट फिरते आणि मॉड्यूल निकामी होऊ शकते. सुटे मॉड्यूल आणले असेल तर त्याला ३.३ व्होल्टच द्यावेत. ५ व्होल्टने ते जळण्याचा धोका असतो.

पहिला तास फुकट गेला. संगणकाला बोर्ड दिसेचना. ड्रायव्हर टाकला, संगणक बंद-चालू केला. शेवटी कळले की केबल फक्त चार्जिंगची होती. माहिती नेणाऱ्या तारा तिच्यात नव्हत्याच. दुसरी केबल लावताच पोर्ट दिसला.

'आर्डुइनो' हा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात लोराची लायब्ररी घेतली की पाठवणारा आणि घेणारा, असे दोन नमुने तयार सापडतात. पण तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. नमुन्यात ९१५ मेगाहर्ट्झ लिहिलेले असते, तो आकडा अमेरिकेच्या सोयीचा आहे. आपल्याकडे अशा कमी शक्तीच्या उपकरणांना ८६५ ते ८६८ हा पट्टा विनापरवाना मोकळा आहे, आणि ९१५ ला लागून मोबाईल फोनचे पट्टे आहेत. म्हणून दोन्ही बोर्डांवर ८६६ केले. तरी पडद्यावर 'लोरा सुरू झाले नाही' असेच येई. मॉड्यूलच्या निवड, रिसेट आणि सूचना या तीन पिना कोणत्या, ते आमच्या बोर्डाच्या नकाशावरून प्रोग्राममध्ये लिहिले, तेव्हा कुठे घेणाऱ्या बोर्डाकडून ओळ उमटली: 'हॅलो ०'. मग 'हॅलो १', 'हॅलो २'. पोरे नाचायचीच बाकी होती.

पुतणी सुरुवातीला दाराशीच उभी होती. मी हिशेब मांडला, कारण तेवढे मला जमते: ३०० ला ८६६ ने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते, सुमारे साडेचौतीस सेंटिमीटर. साध्या तारेची अँटेना तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे साधारण ८.६. ती काही न बोलता घरी गेली, आपला जुना प्रोजेक्ट घेऊन आली आणि पट्टीने तार मोजली. सतरा सेंटिमीटर आणि वर थोडी. त्याच्या मॉड्यूलवर ४३३ लिहिलेले होते. तिने वहीत भागाकार केला: १७.३.

"काका, एवढंच होतं?" ती म्हणाली.

मग पॉवर बँक लावून पाठवणारा बोर्ड तीच गच्चीवर घेऊन गेली. खाली धाकटा आकडे वाचत होता. सिग्नलचे आकडे वजा असतात; आमच्या खात्यात वजा म्हणजे तोटाच, पण इथे वजा ४५ चांगला आणि वजा ११० अगदी क्षीण. ती टाकीच्या मागे गेली आणि १८१ नंतर एकदम १८४ आला. मधले दोन निरोप काँक्रीटने खाल्ले. धाकट्याने खालून हाक मारली, "ताई, पुढच्या बाजूला ये, अँटेना उभी धर." वजा ९८ वर निरोप सलग येऊ लागले.

बोर्डाची जागा तिने खडूने खूण करून ठेवली आहे. येत्या रविवारी तिथे डबी ठोकून पाण्याचा फ्लोट जोडायचा आहे. रिपोर्ट तो स्वतः लिहितो आहे. अँटेनाचे पान मात्र ताईने मागून घेतले.