देगलूरच्या एका डब्यात अजिंठा, सोलापूर आणि सिलोन

वैशाख पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही देगलूरला एका धम्मबांधवाच्या घरी उतरलो होतो. घर साधेच. वर पत्रे, समोर ओटा, आत भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब. घरधनी मोंढ्यात हमाली करतात. चहापाणी झाले आणि त्यांच्या आईने, म्हणजे आमच्या मावशींनी, ट्रंकेतून बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा काढून आमच्या पुढ्यात ठेवला.

"भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता. ह्यात काय हाय ते एकदा बघून सांगा. एक जण सगळ्याचे मिळून दोन हजार द्यायलाय."

डब्यात पोस्टाची तिकिटे होती. काही सुटी, काही पाकिटाला चिकटलेली, काही वहीच्या पानावर खळीने डकवलेली. मावशींचे सासरे निजामाच्या अमदानीत टपालाच्या थैल्या वाहत असत. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण चित्रांचा नाद होता. कुणी पाकीट फाडून फेकले की ते उचलून आणत. पुढे मावशींच्या यजमानांनी तोच नाद चालवला. त्यांचा एक मामेभाऊ श्रामणेर होऊन सिलोनला शिकायला गेला होता, तो तिकडून वेसाकची भेटकार्डे धाडायचा. आणि थोरल्या मुलाने लहानपणी हैदराबादेत 'देशोदेशीची शंभर तिकिटे' असे पुडके घेतले होते, तेही ह्यात पडलेले.

आता घरात दोन पक्ष झाले होते. घरधन्यांचे म्हणणे, घर गळायलंय, मिरगाच्या आधी चार पत्रे बदलायचे आहेत, दोन हजार आले तर तेवढाच टेका. आठवीतली नात मात्र डबा धरून बसलेली. "आजोबाचं हाय, इकायचं न्हाई." मावशी मधे. म्हणून आम्हाला विचारले. आम्ही काही तिकिटांचे पारखी नव्हे, पण थोडेफार वाचलेले आहे, तेव्हा ओट्यावर चादर अंथरून सगळा डबा उपडा केला.

सगळ्यात जास्त होती निजामाची तिकिटे. आजच्या मुलांना हे ठाऊक नसते की देगलूर, नांदेड, लातूर हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे टपालखाते स्वतंत्र होते. नाणे सुद्धा वेगळे. जुनी माणसे अजून 'हाली' आणि 'कलदार' असा फरक सांगतात; हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. तिकिटांचेही तसेच. संस्थानाने १८६९ पासून आपली तिकिटे छापली, पण ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. देगलूरहून औरंगाबादला पत्र धाडायचे तर निजामाचे तिकीट, आणि पोरगा मुंबईच्या गिरणीत असेल तर त्याच्या पत्राला इंग्रज सरकारचे तिकीट. म्हणजे आपल्याच मराठी मुलखातल्या दोन गावांमध्ये टपालाची सरहद्द होती. संस्थान काही परदेश नव्हे, हे खरे. पण तिकिटापुरते बोलायचे तर मुंबई हा देगलूरला परमुलूखच होता.

१९३१ साली निजामाने चित्रांची तिकिटे काढली. एक आण्याला चारमिनार, दोन आण्यांना हैदराबादचे हायकोर्ट, चार आण्यांना उस्मानसागर तलाव, बारा आण्यांना बिदरचा महमूद गवानचा मदरसा, एक रुपयाला दौलताबादचा मिनार. आणि आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेणीचे प्रवेशद्वार!

ते तिकीट डब्यात होते. एकच. कडा एका बाजूने फाटलेली, वर काळा शिक्का. चारमिनार मात्र पन्नासाच्या वर. ह्याचे कारण उघड आहे. गरिबाच्या पत्राला आणा पुरत असे. आठ आण्यांचे तिकीट लागायचे ते रजिस्टरला, जड पार्सलाला, सावकार-वकिलांच्या कागदांना. मावशींच्या सासऱ्यांनी ते कुठल्या पाकिटावरून उचलले कोण जाणे.

भारत सरकारने अजिंठ्याचे चित्र तिकिटावर आणले ते १५ ऑगस्ट १९४९ ला, म्हणजे निजामानंतर अठरा वर्षांनी. निजाम सरकारला अजिंठ्याचे मोल कळले होते, हे मान्य केले पाहिजे. १९२० च्या सुमारास त्यांनी इटलीहून कारागीर बोलावून तिथली चित्रे पक्की करून घेतली आणि त्यांच्या पुराणवस्तू खात्याचे गुलाम याजदानी यांनी अजिंठ्यावर मोठे सचित्र ग्रंथ काढले. आम्ही मावशींना विचारले, सासऱ्यांना ही लेणी कुणाची ते ठाऊक होते का? त्या म्हणाल्या, "ते म्हनायचे, पांडवाची लेनी हायत." नात एकदम हसली. आम्हाला हसू आले नाही. थैली वाहणाऱ्या माणसाच्या पाठीवर त्याच्याच पूर्वजांचा धम्म आठ आण्यांना चिकटलेला होता आणि त्याला तो पांडवांचा म्हणून सांगितला गेला होता.

१ एप्रिल १९५० पासून निजामाच्या तिकिटांची जागा भारताच्या तिकिटांनी घेतली. भारताच्या त्या १९४९ च्या मालिकेत सांचीचा स्तूप आहे आणि साडेतीन आण्यांना बोधगयेचे महाविहारही आहे. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो: ज्या १९४९ साली महाविहार तिकिटावर आले, त्याच साली बिहार सरकारने बोधगया मंदिर कायदा करून त्याची व्यवस्था बौद्धांच्या एकट्याच्या हाती येऊ दिली नाही. तिकीट जगभर फिरले, विहाराचा प्रश्न अजून तिथेच आहे.

आता खरीखुरी परदेशी तिकिटे. श्रामणेर मामेभावाच्या जुन्या पाकिटांत एक पाकीट असे निघाले की आम्ही ते हातात घेऊन थोडा वेळ गप्पच बसलो. सिलोनने १९५६ साली भगवान बुद्धांच्या २५०० व्या जयंतीनिमित्त तिकिटे काढली, त्यातले ते एक, धम्मचक्राचे. ह्यातल्या दोन तिकिटांवर पत्राच्या दराखेरीज दोन-पाच सेंट जादा घेतले जात आणि ते जयंतीच्या निधीला जात. भारतानेही २४ मे १९५६ ला दोन आणे आणि चौदा आणे अशी बोधिवृक्षाची दोन तिकिटे काढली. आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला काय झाले ते ह्या पानाच्या वाचकांना सांगायला नको. वर्ष एकच, १९५६. शेजारी देश बुद्धांना पत्रावर छापत होते आणि आपले लोक बुद्धांना शरण जात होते.

ब्रह्मदेशाने त्याच्या दोन वर्षे आधी, १९५४ साली, रंगूनच्या सहाव्या संगीतीची तिकिटे काढली होती. त्याच साली डिसेंबरात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. तिथून त्यांनी कुणाला पत्र टाकले असेल तर त्यावर कदाचित संगीतीचे तिकीट असेल, असे आपले आमच्या मनात येऊन गेले.

श्रीलंकेची वेसाकची तिकिटे तर मुलांनी पाहण्यासारखी असतात. जातककथांची चित्रे विहारांच्या भिंतींवरून, कापडावरून घेतलेली. वेस्संतर जातकाची गोष्ट भारतात जन्मली, पण आपल्या किती पोरांना ती सांगता येईल? तिकडे ती पत्रावर येते. इंडोनेशियाने १९६८ साली बोरोबुदूरचा स्तूप वाचवायच्या निधीसाठी तिकिटे काढली. त्या स्तूपाच्या भिंतींवर बुद्धचरित्र आणि जातके कोरलेली आहेत. रामायणाची तिकिटे लाओस, थायलंड, इंडोनेशियाने पुष्कळ काढली, डब्यातही दोन-तीन होती. अलीकडे दोन देशांनी मिळून तिकिटे काढायची पद्धत पडली आहे. २००८ साली भारत आणि चीनने मिळून बोधगयेचे महाविहार आणि लोयांगचे श्वेताश्व विहार छापले, २०१८ साली व्हिएतनामबरोबर सांचीचा स्तूप.

ह्यानंतर नातीने एक तिकीट पुढे केले. "काका, ह्याच्यावर चिनी लिहिलंय, पण माणूस आपल्यासारखा दिसायलाय."

तो आपलाच माणूस! डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे. १० ऑक्टोबर १९१० चा जन्म, मुंबईच्या गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात शिक्षण. जपानने चीनवर आक्रमण केले तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. ह्यांतले चोळकर नागपूरचे. बाकीचे यथावकाश परतले. कोटणीस आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, डोंगरात, खेड्यापाड्यांत, आघाडीच्या मागे जखमी सैनिकांची शस्त्रक्रिया करीत. १९४१ साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे ते प्रमुख झाले. तिथल्याच एका परिचारिकेशी, क्वो छिंगलान यांच्याशी, त्यांनी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय अवघे ३२.

चीनने त्यांच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, १९८२ साली, दोन तिकिटे काढली. डब्यातले होते ते आठ फेनचे. चीनमध्ये साध्या पत्राला कित्येक वर्षे आठ फेनच लागत. म्हणजे सोलापूरच्या डॉक्टरचा चेहरा तिथल्या शेतकऱ्या-कामगारांच्या पत्रांवर फिरला. आणि आपल्या भारत सरकारने? १९९३ साली. चीननंतर अकरा वर्षांनी. शांताराम बापूंनी मात्र १९४६ सालीच त्यांच्यावर चित्रपट काढला होता. मावशींनी तो तंबूत पाहिलेला निघाला! तिकिटावरचा माणूस तोच, हे ऐकून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितले. "शिनेमात दिसला तसा न्हाई दिसत," म्हणाल्या. शिनेमात स्वतः शांताराम होते, हे आम्ही समजावून सांगितले.

परदेशी तिकिटांवर सर्वांत अधिक वेळा आलेला भारतीय म्हणजे गांधीजी. अमेरिकेने २६ जानेवारी १९६१ ला चार आणि आठ सेंटची तिकिटे काढून सुरुवात केली. १९६९ साली इंग्लंडने काढलेले तिकीट विमान मल्लिक ह्या बंगाली चित्रकाराने रेखाटले होते. एकाच कागदावर राणीचे मुंडके आणि मागे तिरंगा घेतलेले गांधी! पुणे करार आम्ही विसरलेलो नाही, पण मोजणी करताना राग बाजूला ठेवावा लागतो. "मग आपल्या बाबाचं कुठं हाय?" हा प्रश्न नातीने केलाच. बाबासाहेबांचे डब्यातले तिकीट भारताचे, १४ एप्रिल १९६६ चे, पंधरा पैशांचे. त्यानंतरचे १९७३ चे, आणि जन्मशताब्दीचे १९९१ चे. तिन्ही वहीच्या पहिल्या पानावर एकाखाली एक लावलेली होती.

आम्हाला स्वतःला सर्वांत आवडली ती मजुरांची तिकिटे. डब्यात मॉरिशसचे एक होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'ॲटलस' जहाजातून तिथे उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध हिंदी मजूर उतरले. पुढे मुंबई बंदरातून मराठी माणसेही गेली आणि त्यांची वस्ती आजही तिथे आहे. १९८४ साली मॉरिशसने गुलामगिरीची अखेर आणि हिंदी मजुरांचे आगमन अशा दोन्हींच्या दीडशे वर्षांची तिकिटे एकत्रच काढली. गुलाम सुटले म्हणून मजूर आणले, हे त्या एका मालिकेने कबूल केले. सुरिनामने १९७३ साली 'लाला रूख' जहाजाच्या आगमनाची शताब्दी छापली, फिजीने १९७९ साली आपली. 'लाला रूख' सुरिनामला पोचले ते १८७३ साली, आणि त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' निघाले. राजेमहाराजे तिकिटावर येतात ह्यात नवल नाही. बोचके घेऊन जहाजातून उतरणारा मजूर येतो, ते बघावे.

संध्याकाळ झाली. घरधनी म्हणाले, "दादा, मग देऊ का न्हाई?"

आम्ही आमचे मत सांगितले ते असे. सगळा डबा एका माणसाला एकरकमी देऊ नये. चारमिनार भरपूर छापले गेले होते, त्याला फार भाव येत नाही. पण फार आहेत, ती वेगळी काढून दोन ठिकाणी दाखवावीत. पाकिटावर चिकटलेले तिकीट कापू नये, गावाचा शिक्का गेला की अर्धे मोल गेले. सुटी करायची तर कोमट पाण्यात कागद खाली ठेवून भिजवावीत, ओढू नयेत, आणि खळ, डिंक, फेविकॉल ह्यांना हात लावू नये. अजिंठा आणि सिलोनचे पाकीट देऊच नये.

आणखी एक सांगितले, ते आमच्या इतर वाचकांनीही लक्षात घ्यावे. टपालखात्याने २०१७ साली दीनदयाल स्पर्श नावाची शिष्यवृत्ती सुरू केली. सहावी ते नववीच्या, तिकिटे जमवणाऱ्या मुलांसाठी, वर्षाला सहा हजार रुपये. देशभरात ९२० मुले निवडायची अशी योजना. शाळेत तिकिटांचे मंडळ हवे किंवा मुलाच्या नावाने पोस्टात तिकिटांचे खाते, ते दोनशे रुपयांत उघडते. परीक्षेच्या गुणांची अट आहे, त्यात अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत. आधी प्रश्नपरीक्षा, मग तिकिटांवरचा प्रकल्प. हेड पोस्टात चौकशी करावी. नातीने हे सगळे वहीच्या मागच्या पानावर उतरून घेतले आणि बापाकडे बघितले. बाप काही बोलला नाही, पण डब्याचे झाकण त्यानेच लावले.

मिरगाचा पहिला पाऊस झाल्यावर मावशींचा फोन आला. पत्रे बसले. भिशी उचलली, आणि चाळीस चारमिनार हैदराबादच्या एका दुकानदाराला दिले. आले ते पैसे खिळ्यांना आणि सुताराला गेले. दोनशे रुपये बाजूला काढून नातीचे खाते उघडले आहे. अजिंठा वहीत आहे, आणि त्याच्या खाली पोरीने आपल्या अक्षरात 'बौद्ध लेणी' असे लिहून ठेवले आहे.