लाट दिसली, तेव्हा कळली!

साताऱ्याला आजोबा रेडिओवर आकाशवाणी सांगली लावायचे. १२५१ किलोहर्ट्झ, म्हणजे २४० मीटर लांबीची लहर! हे गणित मला यायचं, पण 'स्टँडिंग वेव्ह म्हणजे नक्की काय?' असं ओरलला विचारलं आणि माझी बोलती बंद. नुसतं पाठांतर ना!

मग एका सीनिअरने बेल लॅब्जची १९५९ ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म दाखवली. जे. एन. शाइव्ह नावाचे शास्त्रज्ञ तारेवर ओळीने बसवलेल्या पोलादी काड्या हलवतात. लाट टोकापर्यंत जाऊन परत येते. टोक मोकळं असेल तर सुलटी, घट्ट धरलं तर उलटी. जाणारी आणि येणारी लाट एकत्र आली की जागच्या जागी डोलणारी दिसते, तीच स्टँडिंग वेव्ह. टोकाला योग्य तेवढा अडथळा लावला, तर काहीच परत येत नाही. हेच इम्पिडन्स मॅचिंग. केबल आणि अँटेना असे जुळले नाहीत, तर पॉवर ट्रान्समीटरकडे परत फिरते.

सूत्र तेच, पण आता ते डोळ्यांसमोर हलतं. फिल्म जेमतेम अर्ध्या तासाची आहे. ओरलच्या आदल्या आठवड्यात, मेसचं जेवण झाल्यावर, हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये लावूया का? सरांनीही यावं!