मोठ्या आवाजात संगीत कर्कश का होते?

घरातील स्टिरिओवर मंद आवाजात गोड वाटणारे गाणे आवाज वाढविताच कानांना बोचू लागते, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी बहुधा ध्वनिक्षेपकाला, म्हणजे लाउडस्पीकरला, दोष देऊन तो बदलण्यात येतो. परंतु दोषाचे मूळ अनेकदा अन्यत्र असते, आणि ते शोधल्यावाचून केलेला खर्च व्यर्थ जातो.

यंत्रातील विवर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर, दुर्बळ विद्युत्-संदेश प्रबळ करून ध्वनिक्षेपकाकडे पाठवितो. त्याला उपलब्ध असलेल्या विद्युद्दाबापलीकडे तो संदेशाची उंची नेऊ शकत नाही. तसा प्रयत्न झाला, तर लहरींचे माथे छाटल्यासारखे सपाट होतात आणि मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट असे नवे स्वर उत्पन्न होतात. ४४० हर्ट्झच्या स्वरात मग १३२० व २२०० हर्ट्झच्या स्वरांची भर पडते. मानवी कान २००० ते ५००० हर्ट्झच्या टापूत विशेष तीक्ष्ण असल्यामुळे हे आगंतुक स्वर त्याला बोचतात.

ही मर्यादा अपेक्षेपेक्षा लवकर गाठली जाते. आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. शिवाय तबल्याच्या थापेसारखा क्षणिक ध्वनी सरासरीच्या दहापट शक्ती सहज मागतो. सरासरी १० वॅट खर्च होत असता अशा थापेला १०० वॅट लागतील. विवर्धक ५० वॅटचा असेल, तर थाप छाटली जाणारच.

निदान करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम दुसरे ध्वनिमुद्रण लावून पाहावे. कर्कशपणा नाहीसा झाला, तर दोष पहिल्या मुद्रणाचा होय. एकाच बाजूचा आवाज बिघडत असेल, तर यंत्र बंद करून विवर्धकाकडील डाव्या-उजव्या ध्वनिक्षेपकांच्या तारांची अदलाबदल करावी. दोष त्याच पेटीत राहिला, तर तो पेटीचा किंवा तिच्या तारेचा. दुसऱ्या पेटीत गेला, तर विवर्धकाचा अथवा त्याच्या आधीच्या भागाचा. दोन्ही बाजूंनी केवळ जोरकस आघातांच्या वेळी आवाज फाटत असेल व किंचित कमी करताच निवळत असेल, तर विवर्धकाची मर्यादा संपली असे समजावे. अखेरीस खोलीकडे पाहावे. फरशी व उघड्या भिंती उच्च स्वर परावर्तित करतात. जाड पडदे व सतरंजी घातल्याने, किंवा पेट्यांच्या जवळ बसल्याने, सुधारणा झाली तर यंत्र निर्दोष असण्याचा संभव अधिक.

कर्कशपणाकडे दुर्लक्ष करणे हितावह नाही. छाटलेल्या लहरींतील उच्च स्वरांची शक्ती लहान ध्वनिक्षेपकाकडे जाते व त्याचे बारीक तारेचे वेटोळे तापून जळू शकते. म्हणजे अपुऱ्या शक्तीचा विवर्धकही, अतिरेकाने वापरल्यास, ध्वनिक्षेपक निकामी करू शकतो. वेटोळे नवे बसविता येते. कानाच्या आतील, ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसल पेशी मात्र एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. ऐकून झाल्यावर कानांत गुणगुण राहिली, तर यंत्र कितीही निर्दोष असले तरी आवाज कमी करणे हाच उपाय होय.