चालकाच्या कानापुरता आवाज

मध्य प्रदेशातील वीरांगना दुर्गावती व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या भोपाळ–जबलपूर महामार्गावरील लाल चौकटींची छायाचित्रे २०२५च्या डिसेंबरात सर्वत्र फिरली, तेव्हा चर्चा झाली ती प्रामुख्याने त्यांच्या रंगाची. प्रत्यक्षात या योजनेतील मोलाचा भाग डोळ्यांना दिसणारा नाही. डांबरावर वितळवून बसवलेला थर्मोप्लास्टिकचा हा थर पाच मिलिमीटर जाडीचा आहे, त्यावर चाक चढताच वाहनात हलकी थरथर आणि घरघर जाणवते आणि त्यामुळे चालकाने वेग कमी करावा अशी अपेक्षा आहे. चालकाला सावध करायचे, पण जंगल दणाणून सोडायचे नाही, हा त्यामागील हेतू असून तो जंगलाइतकाच वस्तीलाही लागू पडतो.

रस्त्याकडेला कर्णे बसवून त्यांची तोंडे वाहनांकडे वळवली की काम भागेल, असे सहज वाटते; मात्र ध्वनीचे भौतिकशास्त्र येथे आडवे येते. ध्वनीला विशिष्ट दिशेने पाठवायचे असेल, तर ज्या पृष्ठभागातून तो निघतो त्याचा आकार त्याच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे लागोपाठच्या दोन लहरींमधील अंतरापेक्षा, मोठा असावा लागतो. सेकंदाला तीन हजार कंपने असलेल्या, म्हणजे ३००० हर्ट्झच्या, तीव्र स्वराची तरंगलांबी हवेत जेमतेम ११ सेंटिमीटर भरते, त्यामुळे तो झोतासारखा सोडता येतो. परंतु वातानुकूलित मोटारीच्या बंद काचा नेमका हाच स्वर अडवतात. याउलट १०० हर्ट्झचा खर्जातील आवाज काच आणि पत्रा सहज ओलांडतो, पण त्याची तरंगलांबी ३.४ मीटर असल्याने आटोपशीर कर्ण्यातून तो चहूकडे पसरतो आणि आजूबाजूच्या घरांच्या भिंतीही त्याला रोखू शकत नाहीत. जो आवाज नेमका धाडता येतो तो आत पोहोचत नाही आणि जो पोहोचतो तो नेमका धाडता येत नाही, अशी ही कोंडी आहे.

अमेरिकेतील रेल्वे फाटकांवर या कोंडीतून अर्धवट वाट काढण्यात आली. तेथे २००५पासून लागू झालेल्या नियमानुसार इंजिनचालकाने फाटक येण्यापूर्वी १५ ते २० सेकंद ९६ ते ११० डेसिबल तीव्रतेचा भोंगा वाजवायचा असतो, त्यामुळे रुळालगतची संपूर्ण वस्ती त्या आवाजाच्या टापूत येते. काही ठिकाणी हा भोंगा गाडीऐवजी फाटकाजवळच्या खांबावर बसवून त्याचे तोंड थेट रस्त्याकडे करण्यात आले. ध्वनीचा उगम वाहनचालकाजवळ आल्याने आवाजाखाली येणारे क्षेत्र बरेच घटले. मात्र फाटकालगत राहणाऱ्यांची सुटका झाली नाही.

यापेक्षा मूलगामी उत्तर हवेतून आवाज धाडण्याचा नाद सोडून देते आणि ध्वनी वाहनाच्या आतच निर्माण करते. रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर खाचा पाडल्या की टायर हा हातोडा आणि मोटारीचा सांगाडा हे वाद्य ठरते. न्यू जर्सीतील गार्डन स्टेट पार्कवेवर १९५२ साली अशी कड प्रथम तयार झाली. पुढे रस्त्याच्या मध्यरेषेवरही खाचा पाडण्यात येऊ लागल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अहवालात ग्रामीण दुपदरी रस्त्यांवर अशा मध्यरेषेमुळे समोरासमोरच्या व विरुद्ध दिशेने घासून जाण्याच्या जीवघेण्या आणि जखमी करणाऱ्या अपघातांत ४४ टक्के घट नोंदवण्यात आली. एका साध्या खाचेने एवढी माणसे वाचवावीत, ही रस्तेबांधणीतील विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे.

तरीही तीक्ष्ण कडांच्या खाचेवर टायर आदळतो, त्या आघातांचा कर्कश स्वर बाहेरही दूरवर जातो आणि रात्रीच्या शांततेत तो एकदाच उठला तरी झोप मोडते. म्हणूनच मिनेसोटात अशा खाचांविरुद्ध रहिवाशांच्या तक्रारी आल्या. डेन्मार्कमध्ये तपासलेला आणि नंतर मिनेसोटा व कॅलिफोर्नियाने स्वीकारलेला उपाय म्हणजे खाचेला साइन लहरीचा, म्हणजे चढउतार कोठेही न तुटणाऱ्या वक्राचा, आकार देणे. कॅलिफोर्नियाच्या रचनेत दोन उंचवट्यांमधील अंतर सुमारे ३५ सेंटिमीटर आणि खोली सुमारे ८ मिलिमीटर असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने त्यावरून जाणारे चाक सेकंदाला जवळपास ८० वेळा वरखाली होते, ती कंपने सस्पेन्शनमधून स्टिअरिंगमध्ये, आसनात आणि मोटारीच्या पत्र्यात उतरतात आणि आत ठळक घरघर उमटते; टायर आदळत नसल्याने बाहेर मात्र तुलनेने फारच थोडा आवाज पडतो.

खाचांतून गाणे वाजवण्याची हौस मात्र लोकांच्या मुळावर आली. कॅलिफोर्नियातील लँकेस्टर येथे २००८ साली आणि नेदरलँड्समधील येल्सुम येथे २०१८ साली असे सुरेल रस्ते रहिवाशांच्या तक्रारींमुळे अल्पावधीत बंद करावे लागले.

महाराष्ट्रात रम्बलर म्हटले की संपूर्ण रस्त्यावर आडवे टाकलेले जाड पट्टेच डोळ्यांसमोर येतात आणि ते बहुधा गावाच्या किंवा शाळेच्या तोंडाशीच असतात. त्यांच्यावरून सावध आणि बेसावध दोन्ही चालक जातात, त्यामुळे प्रत्येक ट्रकगणिक खडखडाट होतो. निवासी भागासाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा लक्षात घेता हा उपाय अविचाराचा आहे. रस्त्याच्या कडेने पाडलेल्या खाचा मात्र मार्ग सोडणाऱ्यालाच इशारा देतात. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, जेथे एकसुरी सरळ रस्त्यामुळे चालकाचे भान हरपण्याची भीती वारंवार व्यक्त झाली आहे, साइन लहरीच्या कडा सलग हव्यात. वस्तीलगतच्या जुन्या रस्त्यांवर आडव्या पट्ट्यांऐवजी रस्ता अरुंद करणे किंवा चौकाची पातळी हळूहळू उंचावणे हे उपाय आधी वापरले जावेत.

हे करताना दोन अडचणींचा विचार करावा लागेल. अवजड ट्रकचे मोठे टायर उथळ खाचांवरून फारसे न हलता निघून जातात, म्हणून अशा वाहनाच्या चालकाला इशारा क्षीण मिळतो. तर दुचाकीस्वाराचा तोल अशा कडेवर बिघडू शकतो, म्हणून जेथे दुचाकी व सायकली साइडपट्टीवरून जातात तेथे मधूनमधून सपाट मोकळी जागा सोडावी लागते. त्यामुळे खोली आणि अंतर ठरवण्यापूर्वी मोटार, ट्रक आणि दुचाकी अशा तिन्ही वाहनांवरील कंपने तसेच जवळच्या घराच्या अंगणातील रात्रीचा आवाज एकाच चाचणीत मोजण्याची अट कंत्राटात असायला हवी.