बाळाच्या उष्टावणाची भांडी : वाटी-चमचा की तोटीचा कप?

बाळ सहा महिन्यांचे होत आले, की घरात उष्टावणाचे वेध लागतात. मामाने किंवा आजोबांनी चांदीची वाटी आणावी, तीत खीर करून तिचे पहिले बोट बाळाला चाटवावे, हा मराठी घरांतील जुना रिवाज. शहरांतील घरांमध्ये आता त्या चांदीच्या वाटीशेजारी बरेच काही येऊन बसले आहे. तोटीचे कप, नळीचे कप, टेबलाला घट्ट चिकटणारे वाडगे, रंग बदलून अन्न गरम असल्याची सूचना देणारे चमचे, वाफवण्याचे आणि वाटण्याचे छोटे यंत्र, उंच खुर्ची. दुकानातील ही मांडणी पाहून नवे पालक गोंधळून जातात. यातील निम्म्याहून अधिक वस्तूंवाचून बाळाचे काहीही अडत नाही. मात्र ज्या दोन-तीन वस्तू खरोखर लागतात, त्यांची निवड निष्काळजीपणे करून चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे; वरचे पाणी, मध किंवा बाळगुटीही देऊ नये. सहा महिने पूर्ण झाल्यावर पूरक आहार सुरू करावा आणि त्याच्या जोडीने स्तनपान दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. म्हणजे ‘अंगावरचे दूध सोडवणे’ ही एका दिवसात उरकण्याची गोष्ट नाही. हा दीड वर्षाचा प्रवास आहे आणि या काळात बाळाला दोन नवी कौशल्ये शिकायची असतात. एक चमच्यातील घट्ट पदार्थ जिभेने मागे नेऊन गिळण्याचे आणि दुसरे भांड्याच्या कडेला ओठ लावून घोट घेण्याचे. भांडी निवडताना ही दोन कौशल्ये डोळ्यांसमोर ठेवली, की बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

घोट घ्यायला शिकताना

बाटलीचे निपल चोखणे आणि पेल्यातून घोट घेणे या तोंडाच्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. चोखताना जीभ पुढे-मागे होते. घोट घेताना खालचा ओठ कडेवर टेकतो, जबडा स्थिर राहतो आणि जीभ आत राहून द्रव मागे नेते. बाजारात सर्वाधिक खपणारा तोटीचा कप, ज्याला दुकानांत ‘सिपी कप’ म्हणतात, तो उलटा केला तरी सांडत नाही, याचे पालकांना मोठे कौतुक असते. पण तो सांडत नाही, कारण त्याच्या तोटीत एक झडप बसवलेली असते आणि ती उघडण्यासाठी बाळाला जोर लावून चोखावे लागते. थोडक्यात, कपाचे रूप घेऊन बाटलीच परत येते. गालिचा स्वच्छ राहतो, पण बाळाला घोट घेण्याचा सराव मिळत नाही. शिवाय त्या झडपेच्या सांदीत दुधाचा अंश साचतो आणि तो साध्या विसळण्याने निघत नाही.

तोटीचाच कप घ्यायचा झाला, तर झडप नसलेला, तिरका करताच पाणी थेंबथेंब बाहेर येणारा आणि दोन कान असलेला घ्यावा. नळीचा कप त्याहून बरा. साधारण नऊ महिन्यांच्या पुढे अनेक बाळांना नळीने ओढणे जमू लागते. मात्र नळी धुण्यासाठी बारीक ब्रश हवाच. तोटी किंवा नळी तोंडात धरून मुलाला घरभर चालू देऊ नये. नुकते चालू लागलेले मूल पडतेच, आणि तोंडात कडक तोटी असताना पडल्यास ओठ, हिरड्या व दात दुखावतात.

सर्वांत उत्तम आणि सर्वांत स्वस्त साधन घरातच असते. पन्नास-साठ मिलिलिटर मावेल अशी लहान, पातळ पण बोथट काठाची स्टीलची वाटी किंवा छोटे फुलपात्र. पूर्वी घरोघरी चांदीचे बोंडले असे. एका बाजूला निमुळती चोच असलेल्या या छोट्या भांड्याने बाळाला दूध पाजत. दक्षिणेत असेच भांडे ‘पालडै’ म्हणून ओळखले जाते आणि अपुऱ्या दिवसांच्या किंवा चोखण्याची ताकद नसलेल्या बाळांना आईचे काढलेले दूध पाजण्यासाठी रुग्णालयांत ते आजही वापरले जाते. बोंडल्याने मात्र दूध तोंडात ओतले जाते, म्हणून ते अगदी सावकाश धरावे लागते. सहा महिन्यांच्या बाळासाठी साधी वाटी अधिक सोयीची ठरते, कारण तिचा ताबा हळूहळू बाळाकडे देता येतो.

वाटीने पाजण्याची रीत सोपी असली तरी तीत एक खुबी आहे. बाळाला मांडीवर ताठ बसवावे. वाटी निम्म्याहून अधिक भरलेली असावी. सांडेल या भीतीने तळाशी घोटभरच पाणी घेतले, तर ते ओठांपर्यंत आणण्यासाठी बाळाची मान मागे झुकवावी लागते आणि ठसका लागतो. वाटीची कड खालच्या ओठावर हलकेच टेकवावी, पाणी ओठाला लागू द्यावे आणि थांबावे. पुढचे काम बाळाचे. तोंडात ओतू नये. सुरुवातीला जेवणाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार घोट पुरेत. पहिले काही आठवडे पाणी अधिककरून लाळेऱ्यावरच जाईल. घरातील वडीलधाऱ्यांना ही सांडलवंड पाहवत नाही आणि ते बाटली पुढे करतात. तेवढा मोह आवरायला हवा.

पितळेने शिकवलेला धडा

भांडे कशाचे आहे हा प्रश्न किती गंभीर असू शकतो, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. लहान मुलांचे यकृत अल्पावधीत निकामी करणारा ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हा आजार एके काळी भारतात अनेक कुटुंबांना परिचित होता. वर्ष ते तीन वर्षांची मुले त्याला बळी पडत. पोट फुगे, कावीळ होई आणि काही महिन्यांत मूल दगावे. एकाच घरात दोन-दोन मुले जात, त्यामुळे त्याला दैवाचा कोप समजण्यापर्यंत मजल जाई. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड वाढलेले आढळत होते. हे तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी घेतला. 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. संशयाचे बोट स्वयंपाकघरातील पितळी पातेल्याकडे वळले होते.

गाई-म्हशीचे दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवले, की दुधातील केसीन हे प्रथिन धातूतील तांबे ओढून घेते. आतून कल्हई असेल तर दुधाचा धातूशी थेट संबंध येत नाही; पण कल्हई उडालेल्या पातेल्यात दूध तापवणे सर्रास चाले. आजारी पडलेल्या मुलांना वरचे दूध लवकर सुरू केलेले होते आणि ते अशाच भांड्यांत ठेवले जात होते, हे तुलनेतून स्पष्ट झाले. काही कुटुंबांत आनुवंशिक प्रवृत्तीचाही वाटा असावा, असे संशोधकांचे मत आहे. पुढे पुणे जिल्ह्यात दुधासाठी पितळी भांडी न वापरण्याविषयी लोकशिक्षण करण्यात आले आणि नव्या रुग्णांची संख्या घटली. घरोघरी स्टील आल्यावर तर हा आजार जवळपास दिसेनासा झाला.

ही हकीकत आज पुन्हा सांगण्याचे कारण म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांची नव्याने आलेली आवड. मोठ्या माणसांनी तांब्याच्या भांड्यातील पाणी प्यावे की नाही, हा वेगळा विषय. लहान बाळाचे दूध, ताक, फळांचा रस किंवा टोमॅटो-लिंबू पडलेले अन्न कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात मुळीच ठेवू नये. आजीच्या काळची पितळी वाटी आठवण म्हणून फडताळात शोभून दिसेल, तिथेच तिला राहू द्यावे. चांदीच्या वाटीत उष्टावण करायला हरकत नाही. फक्त ती शुद्धतेचा हॉलमार्क असलेली घ्यावी, नक्षीकाम बाहेरून असावे आणि उजळण्यासाठी वापरलेली पावडर धुऊन पूर्ण गेली आहे याची खात्री करावी.

प्लास्टिक, काच आणि स्टील

प्लास्टिकबाबत पालकांच्या मनात असलेली धास्ती निराधार नाही. पॉलिकार्बोनेट या टणक, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये बिस्फेनॉल-ए हे रसायन वापरले जाते. शरीरातील संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करू शकते, या शंकेमुळे युरोपीय संघाने 2011 मध्ये बाळांच्या दूधबाटल्यांमधील त्याच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2012 मध्ये बाटल्यांबरोबर तोटीच्या कपांनाही ती बंदी लागू केली. भारतीय मानक ब्यूरोच्या 2015 च्या सुधारित मानकानेही प्लास्टिकच्या दूधबाटल्यांमध्ये या रसायनाला मनाई केली आहे. प्लास्टिकच घ्यायचे असेल, तर तळाशी त्रिकोणात 5 हा आकडा असलेले पॉलिप्रोपिलीन बरे. 7 हा आकडा ‘इतर’ या वर्गाचा. त्यात पॉलिकार्बोनेटही येते आणि ज्यात हे रसायन नाही अशी काही प्लास्टिकेही येतात, त्यामुळे केवळ आकड्यावरून काही ठरवता येत नाही. रस्त्यावरच्या ढिगातून घेतलेल्या, आकडा वा उत्पादकाचे नाव नसलेल्या भांड्यांच्या वाटेला जाऊच नये. ओरखडे पडलेले, धुरकटलेले प्लास्टिक टाकून द्यावे. चित्रे छापलेल्या मेलामाइनच्या ताटल्या मायक्रोवेव्हमध्ये तापवू नयेत. या सर्व विचारांतून सुटका हवी असेल, त्यांच्यासाठी स्टील आहे. पडले तरी फुटत नाही, उकळता येते, वर्षानुवर्षे टिकते. त्याची एकच खोड म्हणजे ते लवकर तापते. म्हणून वाटी हाताला लावून आणि अन्न मनगटावर टेकवून मगच भरवावे. कड बाहेर दुमडलेली वाटी नको, त्या घडीत अन्न अडकते.

चमचा लहान, उथळ आणि गुळगुळीत काठाचा असावा. खोलगट चमच्यातील पदार्थ बाळाला वरच्या ओठाने ओढून घेता येत नाही. दात येत असताना सिलिकॉनचा मऊ चमचा सुखावह वाटतो. भरवताना बाळाच्या हातात दुसरा एक जाड मुठीचा चमचा द्यावा. तो तोंडात न जाता कानाकडे गेला तरी हरकत नाही, सराव होतच असतो.

बाळाची वाटी स्वतंत्र असावी, हा आग्रह केवळ स्वच्छतेपोटी नाही. मोठ्यांच्या ताटातून चार घास भरवले, की मूल किती जेवले याचा अंदाज राहत नाही. सुरुवात दिवसातून दोन-तीन वेळा, दोन-तीन मोठे चमचे इतकी असावी. आठ महिन्यांपर्यंत अडीचशे मिलिलिटरच्या वाटीत अर्धी, आणि वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी, असे प्रमाण वाढवत न्यावे. स्तनपान चालू असलेल्या बाळाला पूरक आहारातून सहा ते आठ महिन्यांत रोज साधारण 200, नऊ ते अकरा महिन्यांत 300 आणि वर्षानंतर 550 किलोकॅलरी मिळायला हव्यात. बाळाचे पोट मात्र वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर एवढेच. सात किलोच्या बाळाला पातळ पेज किंवा डाळीचे पाणी पाजले, तर पोट भरते आणि उपासमार होते. पदार्थ चमचा तिरका केल्यावर सहज ओघळणार नाही इतका दाट हवा. तूप घातलेला मऊ वरणभात, मुगाची गुरगुट्या खिचडी, नाचणीची दाट खीर यांसाठी वेगळे यंत्र लागत नाही. पळीने किंवा हाताने कुस्करले तरी पुरते. मिक्सरमधून गुळगुळीत काढलेले अन्न महिनोन्महिने देत राहिल्यास मूल कणी सहन करेनासे होते, हे अनेक घरांतले दुखणे आहे. आठव्या-नवव्या महिन्यापासून कण राहू द्यावेत. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे आणि कच्च्या गाजराचे तुकडे मात्र दूर ठेवावेत. ते घशात अडकतात. मध वर्षाच्या आत देऊ नये.

उंच खुर्ची ही चैन आहे. सतरंजीवर आईच्या मांडीला टेकून बसलेले मूलही उत्तम जेवते. घेतलीच तर पट्टा असलेली आणि पावले टेकायला फळी असलेली घ्यावी, आणि पट्टा रोज बांधावा.

बाटलीचे काय?

नोकरीवर रुजू होणाऱ्या आईला बाटलीवाचून पर्याय नाही, असे गृहीत धरले जाते. पण सहा महिन्यांच्या पुढचे बाळ आईचे काढून ठेवलेले दूध वाटीने पिऊ शकते. पाळणाघरात तशी सूचना द्यावी आणि रुजू होण्यापूर्वी पंधरा दिवस सराव करावा. दूधबाटल्या, पर्यायी दूध आणि दोन वर्षांच्या आतील बाळांचे तयार अन्न यांच्या जाहिरातीस, मोफत नमुने व भेटवस्तू वाटण्यास भारतात 1992 च्या कायद्याने आणि त्याच्या 2003 च्या दुरुस्तीने बंदी आहे. बाटलीवर मानक ब्यूरोचे चिन्ह असणेही बंधनकारक आहे. एवढा कडक कायदा करण्यामागचे कारण म्हणजे नीट न धुतलेल्या बाटलीतून होणारे अतिसार. अरुंद गळा, निपलचे बारीक छिद्र, झाकणाचे आटे या जागा वाटीला नसतात. वाटी साबणाने घासून, काही मिनिटे उकळून, झाकून ठेवली की काम झाले.

आधीच बाटली लागलेल्या मुलाची ती वर्षाच्या सुमारास सुटायला हवी आणि दीड वर्षाच्या पुढे जाऊ नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांच्या पुढच्या दुधाच्या दातांना कीड लागते. दिवसाच्या बाटल्या एकेक करून आधी वाटीवर न्याव्यात. झोपण्यापूर्वीची बाटली मुलाला सर्वांत प्रिय, म्हणून ती शेवटी काढावी. त्या वेळचे दूध जेवणाबरोबरच वाटीने द्यावे, मग दात पुसावेत, आणि झोपवताना बाटलीऐवजी थोपटणे किंवा अंगाई असावी. दोन-तीन रात्री रडारड होते. त्या काळात घरातील सर्वांनी एकच धोरण ठेवावे आणि बाटल्या मुलाच्या नजरेआड कराव्यात. मूल वारंवार ठसकत असेल, घास गिळताना गुदमरत असेल किंवा आठ-नऊ महिन्यांनंतरही प्रत्येक घास जिभेने बाहेर ढकलत असेल, तर भांडी बदलत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.