परदेशात शेतजमीन : जॉर्जियाचे उदाहरण

परदेशात जमीन स्वस्त मिळते, तेथे जाऊन शेती करावी काय, असा प्रश्न आपल्याकडील बागायतदार अधूनमधून विचारतात. विशेषतः घरातील एखादा मुलगा कृषी पदवीधर असला आणि वाटण्या होऊन वाट्याला दोन-तीन एकर येत असले, म्हणजे हा प्रश्न हमखास निघतो. याचे नुसते हो किंवा नाही असे उत्तर देता येत नाही. एका लहान देशात काय घडले ते पाहिले, तर विचार करण्यास बरीच सामग्री मिळते. तो देश म्हणजे काळ्या समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील जॉर्जिया. (अमेरिकेतील याच नावाचे राज्य वेगळे.)

देश आणि शेती

जॉर्जियाचे क्षेत्रफळ सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत आहे. १९९१ पर्यंत हा देश सोव्हिएत संघात होता आणि शेती सामुदायिक होती. १९९२ पासून जमिनीचे वाटप झाले, त्यात कुटुंबामागे जास्तीत जास्त सव्वा हेक्टर, म्हणजे सुमारे तीन एकर जमीन आली. तीही बहुधा वेगवेगळ्या तुकड्यांत. पुढे बरीच जमीन पडीक राहिली. यंत्रे नव्हती, पाटाची व्यवस्था मोडली होती आणि तरुण शहराकडे गेले होते.

पश्चिमेकडील भाग दमट असून तेथे हेझलनट, संत्रावर्गीय फळे व चहा होतो. पूर्वेकडे काखेती हा द्राक्षांचा प्रदेश आहे. आपल्या द्राक्ष बागायतदारांना हे वाचून आश्चर्य वाटेल की, या देशात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी द्राक्षाची वाइन होत असल्याचे पुरावे मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांत सापडले आहेत. आजही तेथे जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात वाइन आंबवतात. या रांजणास क्वेव्री म्हणतात. गारपिटीचे संकट मात्र त्यांनाही चुकलेले नाही. पूर्वेकडे पाण्याची सोय पाहूनच जमीन निवडावी लागते आणि हिवाळा कडक असतो.

भांडवलास आमंत्रण

२००३ च्या सत्तांतरानंतर सरकारने परकीय भांडवल आणण्यासाठी कारभार सोपा केला. कंपनीची नोंदणी एका दिवसात होऊ लागली. कंपनीच्या नफ्यावर १५ टक्के कर आहे आणि २०१७ पासून तो नफा वाटून घेतला तरच आकारला जातो. पुन्हा धंद्यात घातल्यास बहुतेक उद्योगांना त्या वेळी कर नाही. युरोपीय संघाशी व्यापार करार २०१४ मध्ये झाला, चीनशी मुक्त व्यापार २०१८ पासून सुरू झाला. जागतिक बँकेच्या व्यवसाय-सुलभतेच्या यादीत २०२० साली हा देश सातवा होता. ती यादी आकडेवारीतील गैरप्रकारांमुळे बँकेने २०२१ मध्ये कायमची बंद केली. तेव्हा एखाद्या एजंटाच्या माहितीपत्रकात आजही तिचा दाखला दिसला, तर माहितीपत्रक जुने समजावे.

पडीक जमीन कसण्यास बाहेरचे शेतकरीही बोलावण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या शेतकऱ्यांना आमंत्रण गेले. त्याच सुमारास पंजाबातील शेतकरी तेथे पोहोचू लागले. त्यांचा हिशेब साधा होता. गावाकडील एक एकर विकली, तर तेथे अनेक एकर येत होती. काहींनी स्वतः पाहणी करून जमीन घेतली, तर काहींनी दलालावर भिस्त ठेवली.

कायदा कसा फिरला

खरा मुद्दा येथे आहे. शेतजमीन विकत घेण्यास परकीयांना असलेली मनाई घटनाबाह्य असल्याचा निर्णय तेथील घटना न्यायालयाने जून २०१२ मध्ये दिला. दार उघडले असे सर्वांना वाटले. परंतु स्थानिक शेतकऱ्यांत असंतोष होता, निवडणुकीत सरकार बदलले आणि जून २०१३ मध्ये संसदेने परकीयांना शेतजमीन विकण्यास २०१४ अखेरपर्यंत स्थगिती दिली. ही स्थगितीही न्यायालयाने जून २०१४ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी परकीयांच्या व्हिसाचे व वास्तव्याचे नियम कडक झाले. २०१७ मध्ये पुन्हा बंदी आली आणि डिसेंबर २०१८ पासून तर ती राज्यघटनेतच गेली. आता शेतजमिनीची मालकी शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, त्या देशाचे नागरिक किंवा नागरिकांची संस्था यांच्याकडेच राहू शकते. वारसाहक्काने आलेली जमीन किंवा सरकारने मान्य केलेली गुंतवणूक योजना, असे थोडेच अपवाद आहेत.

सहा-सात वर्षांत नियम इतक्यांदा बदलला. ज्यांची खरेदी बंदीपूर्वी पूर्ण होऊन नोंद झाली होती, त्यांची मालकी राहिली. ज्यांनी इसार देऊन ठेवला होता किंवा शेजारचा तुकडा पुढच्या वर्षी घेऊ म्हणून ट्रॅक्टर आधी आणला होता, अशांची अडचण होणे उघड होते.

याबद्दल त्या देशाला दोष देण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि परकीय नागरिकाला तर भारतात ती विकत मिळतच नाही. आपल्या गावची जमीन बाहेरचा पैसेवाला घेऊ लागला तर आपल्याला जे वाटेल, तेच सव्वा हेक्टरवाल्या जॉर्जियन शेतकऱ्याला वाटले. जेथे जमीन थोडी व मतदार शेतकरी, तेथे हा प्रश्न कधीही पेटू शकतो, हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा.

मग संधी कोठे आहे?

जमीन खंडाने, म्हणजे भाडेपट्ट्याने घेण्यास परकीयांना मज्जाव नाही. पट्ट्याची नोंद करून घ्यावी आणि मुदत पिकाच्या आयुष्याशी जुळते का ते पाहावे. धान्यासाठी थोड्या वर्षांचा पट्टा चालेल, पण फळबागेस किंवा द्राक्षबागेस तो पुरणार नाही. जमिनीची नोंदवही संगणकीकृत आहे, आपल्या सात-बारासारखा उतारा मिळतो. उताऱ्यासोबत मोजणी नकाशा नसेल तर व्यवहार करू नये, कारण वाटपातील अनेक तुकड्यांची रीतसर मोजणी फार उशिरा झाली.

जमिनीत न अडकणारा पैसा अधिक सुरक्षित. प्रतवारी, शीतगृह, प्रक्रिया, ठिबक संच, यंत्रे भाड्याने देणे या कामांस शेतजमिनीची मालकी लागत नाही. मात्र बाजारपेठही तपासावी. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियन वाइन बंद केली, ती २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि आज पुन्हा निम्म्याहून अधिक वाइन त्याच एका देशात जाते. हेझलनटवर २०१६-१७ मध्ये दुर्गंधी सोडणाऱ्या तपकिरी ढेकणाने हल्ला केला आणि पश्चिम भागातील उत्पादन कोसळले. देशाचा सुमारे पाचवा हिस्सा, अबखाझिया व दक्षिण ओसेतिया, सरकारच्या ताब्यात नाही. २००८ मध्ये त्यावरून रशियाशी युद्धही झाले.

आपल्या बाजूचे नियम

भारतातून व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली बाहेर पाठवता येते. ती अधिकृत बँकेमार्फतच पाठवावी. 'इथे रोख द्या, तिथे मिळेल' असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

करासंबंधी बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे ते भारतातील जमिनीचे. येथे राहणाऱ्या व्यक्तीचे परदेशातील शेतीचे उत्पन्न आयकरास पात्र ठरते. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे तेथे भरलेल्या कराची वजावट मागता येते. पावत्या जपून ठेवाव्यात. परदेशातील जमीन विवरणपत्रात दाखवली नाही तर दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कुलमुखत्यारपत्र देऊन घरबसल्या व्यवहार करू नये. एक हिवाळा व एक उन्हाळा तेथे स्वतः पाहावा, वकील दलालाने सुचवलेला नसावा, आणि इकडची जमीन विकून पैसा उभा करण्याचा विचार असल्यास पहिली दोन वर्षे ती विकू नये, खंडाने द्यावी.